ट्रंक बोर्डावरच्या एस्तेरबाई

टेलिफोन खात्यात मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि टेलिफोनवर आयुष्यात दोनदाच बोलले होते. दोन्ही वेळा देवळ्याच्या कांद्याच्या आडतीतून, ओरडून. त्यामुळे नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावून मी "हॅलो" म्हटलं, तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. शेवटच्या खुर्चीवरून पांढऱ्या सुती साडीतली एक उंच, सावळी बाई उठून आली. तिनं माझ्या तोंडापुढचा माईक बोटभर लांब केला आणि म्हणाली, "पोरी, सुरत इथून तारेनं जोडलेलं आहे. हाक मारून बोलवायचं नाही."

या एस्तेर गायकवाड. बोर्डावरच्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटर.

ही नव्वद सालची गोष्ट. घरोघरी फोन नव्हते. एसटीडीचे बूथ नुकते कुठे उघडू लागले होते, आणि परगावी बोलायचं तर बरेच लोक अजून आमच्याकडे कॉल बुक करत. आम्ही समोरच्या बोर्डावर दोऱ्या खोचून एक गाव दुसऱ्या गावाला जोडायचो आणि प्रत्येक कॉलचं एक छोटं कागदी तिकीट भरायचो. एस्तेरबाईंनी मला हे काम आठवडाभरात शिकवलं. दोऱ्या कशा खोचायच्या ते दोन दिवसांत, आणि माणसांशी कसं बोलायचं ते उरलेल्या दिवसांत.

शरणपूर रोडच्या मागे, चर्चच्या आवाराला लागून त्यांचं बैठं घर होतं. त्यांचं नाव ऐकून नवीन माणसं विचारायची, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्यांना गोवा, नाहीतर विलायत असं काहीतरी ऐकायचं असायचं. बाई गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "निफाडच्या. बागायती नव्हती, पण विहीर होती."

घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायच्या. डब्यात भाजी कुठलीही असो, वर लसणाची चटणी असायचीच. नाताळात करंज्या, चिवडा आणि केक असं तिन्ही आणायच्या आणि दिवाळीत आमच्याकडून फराळ हक्कानं मागून घ्यायच्या. "माझा सण तुम्ही खाता, मग तुमचा मी का सोडू?" सटाण्याकडचा कोणी फोनवर बुजला की त्यांची अहिराणी सुरू व्हायची, "बोल ना भाऊ, काय शे?" आणि तो माणूस मोकळा व्हायचा. रागीटही होत्या. एकदा एका सुपरवायझरनं लाइनवरच्या म्हाताऱ्याला "लवकर आटपा" म्हटलं. बाईंनी हेडफोन काढून सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचे वडील आटपून बोलतात का हो?" तो बिचारा दोन दिवस आमच्या खोलीत फिरकला नाही.

आमच्या कामात सगळ्यांत अवघड कॉल कोणता, ते मला महिनाभरात कळलं. तो नेहमी अर्जंट असायचा आणि बुक करणाऱ्याचा आवाज कोरडा असायचा. कोणीतरी गेलेलं असायचं. असा पहिला कॉल माझ्या वाट्याला आला तेव्हा मी दोरी हातात धरून तशीच बसले. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो घेतला.

मुंबईहून एका माणसानं घोटीच्या भाताच्या गिरणीत कॉल लावला होता. गिरणीतल्या एका हमालाचा धाकटा भाऊ मुंबईत वारला होता. हमालाला बोलावून आणलं गेलं. बाईंनी लगेच लाइन जोडली नाही.

"बाबा, उभे आहात का बसलेले?"

"उभा हाय."

"आधी बसा. जवळ कोण आहे?"

"मालक हायेत."

"त्यांना तिथंच राहू द्या. बसलात? आता मुंबईहून बोलतील. सावकाश ऐका."

कॉल संपल्यावर त्या पुन्हा लाइनवर आल्या. मालकाला म्हणाल्या, "त्यांना पाणी द्या. आणि मुंबईला एकटं पाठवू नका." मग त्यांनी तिकीट भरलं आणि क्षणभर डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या.

मी विचारलं, "बाई, काय म्हणालात?"

"त्या माणसाचं नाव घेतलं."

"कोणापुढे?"

"ज्याच्यापुढे घ्यायचं त्याच्यापुढे. दिवसाकाठी दोन-तीन नावं होतात. आपल्याला त्यांची माहिती फक्त तिकिटापुरती. पण त्याला बाकीचं ठाऊक असतं."

यापेक्षा जास्त धर्म त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. पुढे मीही असा कॉल आला की समोरच्याला आधी बसायला सांगू लागले. आम्ही सगळ्याच सांगू लागलो.

बाईंना एकच मुलगा होता, सॅम्युएल. वडिलांसारखाच बुटका आणि कामसू. वडील म्हणजे विल्यमकाका, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. सुटीच्या दिवशी बापलेक अंगणात सायकल उलटी करून बसायचे आणि ती बिघडलेली नसली तरी दुरुस्त करायचे. चर्चच्या भजनात काका ढोलकी वाजवायचे आणि मुलगा झांजा. सॅम्युएलनं डिप्लोमा केला आणि त्याला सुरतेला विणकामाची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली.

बाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं, कारण सुरतेच्या बोर्डावर ज्योत्स्नाबेन होत्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण दहा वर्षं रोज नाशिक-सुरत लाइनवर बोलून त्यांना एकमेकींच्या घरातली आजारपणं, लग्नं, लोणची सगळं माहीत होतं. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "मेरा लड़का तेरे गाँव में है. ध्यान रखना."

त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली एक दुपार. बाई मागच्या टेबलाशी बसून पेरू चिरत होत्या. सुरतेची लाइन माझ्याकडे होती. ज्योत्स्नाबेनचा आवाज आला, पण नेहमीसारखा नाही.

"नासिक, एस्तेर के सिवा कोई है?"

"मैं मंगल. बोलिए."

"अस्पताल से बुकिंग है. एस्तेर का लड़का... मोटरसाइकल को ट्रक ने मारा. मैं उसको नहीं बोल सकती. तू बोल."

इतक्या लोकांना मी बसायला सांगितलं होतं, पण त्या वेळी एक शब्द फुटेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेरूची फोड ताटलीत ठेवली, पदराला हात पुसत आल्या आणि माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला.

"तू बस खाली," मला म्हणाल्या. मग माईकमध्ये, "ज्योत्स्ना, मैं हूँ. बोल."

त्यांनी ऐकून घेतलं. "है, कि गया?" असं विचारलं. पुन्हा ऐकलं. त्यांचा उजवा हात सवयीनं तिकीट भरत होता. हॉस्पिटलचं नाव, वेळ, बोलणाऱ्या डॉक्टरांचं नाव. सगळं स्वच्छ अक्षरात. हेडफोन काढून ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "माझी पाळी कोण घेतंय? मला सातपूरला जाऊन त्यांना सांगायचंय." आम्ही चौघींनी त्यांना धरून आधी खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सॅम्युएलला ख्रिस्ती कबरस्तानात पुरलं. मी अशा विधीला पहिल्यांदाच गेले होते. बाई मोठ्यानं, छाती पिटून रडत होत्या. त्यांच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समुदायातले, एक गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "एस्तेरबाई, आपण विश्वासणारे लोक. तो प्रभूकडे गेला. आपण असं रडू नये."

बाई थांबल्या. त्यांच्याकडे वळल्या. "प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला होता," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळानं आपण त्याला मरणातून उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. मला तर तेवढंही माझ्या हातात नाही. मला रडू द्या." आणि पुन्हा रडायला लागल्या. पण पाळकांनी, त्यांच्या धर्मगुरूंनी, शेवटची प्रार्थना संपवली तेव्हा त्या रडण्यातूनच सगळ्यांच्या आधी त्यांचं "आमेन" आलं.

माती टाकायची वेळ आली तेव्हा मूठ उघडून विल्यमकाकांनी हातातली माती पायाशीच सोडली आणि फाटकाकडे चालू लागले. त्या दिवसापासून ते चर्चला गेले नाहीत. ढोलकी त्यांनी मंडळीला परत देऊन टाकली.

पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या. साहेबांनी त्यांना बोलावून आपुलकीनं सांगितलं की तुम्ही आता चौकशीच्या टेबलाला बसा. लोक नंबर विचारतात, आपण सांगायचा. ट्रंक बोर्डाचा त्रास नको.

बाई म्हणाल्या, "साहेब, इतकी वर्षं मी हे काम अंदाजानं केलं. आता मला ते येतं. आता उठवू नका."

आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्याच आठवड्यात तसा कॉल आला, मनमाडच्या एका बाईसाठी. तिचा मुलगा गेला होता. आम्ही सगळ्या आपापल्या दोऱ्या धरून कान तिकडे लावून होतो. बाई म्हणाल्या, "ताई, बसलात का? मी लाइनवर आहे. तुमचं बोलून होईपर्यंत मी कुठं जात नाही." कॉल संपल्यावरही त्या तिच्यासोबत आणखी कितीतरी वेळ लाइनवर थांबल्या. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत असावं. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला आणि तसाच निघून गेला.

एकदा कँटीनमध्ये मी त्यांना विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. "बाई, सॅम्युएल पुन्हा भेटेल असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्यांनी चहा ढवळला. "मंगळवारी वाटतं. बुधवारी वाटत नाही. बुधवारी मी मंगळवारच्या जोरावर राहते."

"आणि रविवारी?"

"रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणतात, त्यांच्यात उभी राहते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही तर शेजारची म्हणते. तिचा निघाला नाही तर मी. सगळ्यांचा विश्वास एकाच दिवशी बसकण मारत नाही, मंगल. म्हणून तर मंडळी पाहिजे."

"आणि काका?"

"ते घरी मटार सोलत बसतात. मी आले की पाळकांचा संदेश काय झाला ते सांगते. ते ऐकतात, बोलत नाहीत. मी त्यांना ओढणार नाही. माझं मी म्हणते, आणि त्यांचंही मीच म्हणते."

दोनेक वर्षांनी सुरतेच्या ज्योत्स्नाबेनचे पती वारले. बाईंनी रजा टाकली आणि सापुताऱ्याच्या बाजूनं जाणारी एसटी पकडून एकट्या सुरतेला गेल्या. ज्या शहरानं मुलगा नेला त्या शहरात. काका जाऊ नको म्हणाले होते. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा आम्ही त्यांना घेरलं.

"ओळखलंत कसं एकमेकींना?"

"दारातून हाक मारली. आतून म्हणाली, 'नासिक?' झालं."

ज्योत्स्नाबेन त्यांच्या गळ्यात पडून आधी नवऱ्यासाठी नाही, तर त्या जानेवारीतल्या दुपारसाठी रडल्या होत्या. मी तुला सांगायचं टाळलं, मी पळाले, असं म्हणत राहिल्या. बाईंनी त्यांना सांगितलं, "तूने लाइन नहीं काटी. वही बहुत है."

"तुम्ही काय समजावलंत त्यांना?" मी विचारलं.

"समजवायला काय मी पाळक आहे? खिचडी लावली. बसले. तिनं तिच्या देवापुढे दिवा लावला, मी माझ्या देवाजवळ तिचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी ती जेवली." मग म्हणाल्या, "सॅमीच्या त्या हॉस्पिटलातही जाऊन आले. तिथं बाकावर बसून प्रार्थना केली. मला वाटलं होतं फार जड जाईल. पण मी येण्याआधीच तो तिथं येऊन बसलेला होता." तो म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा असा काही मोकळा दिसत होता की विचारायची गरजच नव्हती; ज्याच्यापुढे त्या नावं घ्यायच्या, तोच. पेरूच्या टोपलीवाल्याला खिडकीतून हाक मारून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना पेरू खाऊ घातले. सुरतेच्या त्या फोननंतर पहिल्यांदाच.

वर्षं गेली. एसटीडी गल्लोगल्ली झालं, आमचे कॉल कमी होत गेले. बाईंचे गुडघे दुखायला लागले. दर ईस्टरला, ख्रिस्त मरणातून उठला त्या सणाला, पहाटे त्यांची मंडळी कबरस्तानात उपासना करते. आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, फुलं घालून, मेणबत्त्या लावून लोक सूर्य उगवायची वाट बघतात. बाईंना तिथवर चालवेना, म्हणून मी माझ्या कायनेटिकवर सोडायला जाऊ लागले. आधी फाटकापाशी थांबायची, मग आत जाऊ लागले.

दोन हजार एक सालच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी बाई कामावर आल्या त्या बसलेल्या घशानं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारभर चर्चमध्ये वाचन आणि गाणं चालतं, त्यात आवाज गेला होता. लाइनवर बोलता येईना, म्हणून त्या माझ्याशेजारी बसून तिकिटं भरत होत्या. त्यांनी मला घोगऱ्या आवाजात सांगितलं, "काल रात्री ह्यांना म्हटलं, आठ वर्षं मी दोघांचं म्हणते आहे. आता माझा घसा गेला. उद्या माझं कोण म्हणणार?"

"काय म्हणाले?"

"मटार सोलत होते. सोलतच राहिले."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या घरापुढे गाडी लावली. बाई फुलांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागे काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी येतो चालत."

बाई मागच्या सीटवर बसल्या, माझा खांदा घट्ट धरला आणि कानाशी म्हणाल्या, "चल. मागे बघू नको."

आम्ही दोघींनीही मागे पाहिलं नाही.

कबरस्तानात शेकडो मेणबत्त्या लागल्या होत्या. लहान मुलं झेंडूच्या पाकळ्या टाकत पळत होती. सॅम्युएलच्या कबरीवर बाईंनी फुलं मांडली. काका आले ते कबरींपर्यंत न येता फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले. गाणं झालं, वाचन झालं. पूर्वेला उजाडू लागलं तसे तरुण पाळक एका दगडावर चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!"

सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!"

बाईंचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. नेहमी त्या आवारात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असायचा.

पाळकांनी दुसऱ्यांदा पुकारलं. लोकांनी उत्तर दिलं. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण काही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिसऱ्यांदा पुकारलं. लोकांचं उत्तर झालं, विरलं, आणि सगळे गप्प झाल्यावर भिंतीकडून एक आवाज आला. खरबरीत, आठ वर्षं न वापरलेला.

"खरोखर उठला आहे."

सगळं कबरस्तान वळलं. काका भिंतीपासून सुटून चालत येत होते. कोणाकडे न बघता, कबरींमधल्या वाटेनं सरळ सॅम्युएलपाशी. आले, बाईंच्या शेजारी उभे राहिले, त्यांच्या हातातली मेणबत्ती आपल्या हातात घेतली. तो तरुण पाळक शहाणा होता. पुढची प्रार्थना सुरू न करता त्यानं चौथ्यांदा, जणू एका माणसासाठीच, पुकारलं. या वेळी काकांनी मान वर करून उत्तर दिलं आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. असा आवाज झाला की पलीकडच्या कडुलिंबावरची पाखरं उठली. त्या मंडळीतली मी नव्हते, पण त्या वेळी माझ्याही तोंडून शब्द निघून गेले, आणि मला ते परत घ्यावेसे वाटले नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात माझी जळगावला बदली झाली. ट्रंक बोर्ड बंद झाला, बाई निवृत्त झाल्या. पुढे त्यांची पत्रं आली, घरी फोन आल्यावर फोनही येत राहिले. काका पुन्हा ढोलकी वाजवतात, बेताल वाजवतात, असं त्या कौतुकानं सांगायच्या. पण त्या दोघांना एकत्र मी शेवटचं पाहिलं ते त्या सकाळीच.

उपासना संपल्यावर फाटकाबाहेर सगळ्यांना चहा आणि गरम बटाटेवडे मिळाले. मी गाडी काढली आणि बाईंना म्हटलं, "चला, सोडते."

त्यांनी मान हलवली. घशातून जेमतेम आवाज काढून म्हणाल्या, "तू जा. आम्ही चालत जाऊ."

"बाई, गुडघा?"

"दुखू दे."

दोघं निघाली. ऊन रस्त्यावर आलं होतं. बाई काकांच्या दंडाला धरून लंगडत होत्या आणि रस्त्याच्या अगदी मधून चालल्या होत्या. काका काहीतरी सांगत होते. हातवारे करून, न थांबता, सगळं एकदाच सांगायचं असल्यासारखं. मागून एक दूधवाला सायकलची घंटी वाजवत आला. बाईंनी मागे न बघता फक्त एक हात वर केला, थांब जरा, असा. दूधवाला खाली उतरला आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागोमाग चालू लागला.